ऱ्होड्सचा तट : आत कोण आणि बाहेर कोण?

एखादा किल्ला किंवा जुने शहर पाहायला गेले की वाटाड्या आपल्याला राजवाडा दाखवतो, तोफा दाखवतो, बुरूज दाखवतो. लढाया कोणी जिंकल्या तेही सांगतो. परंतु तटाचे दगड कोणी वाहिले, आणि संध्याकाळी दरवाजे बंद झाल्यावर आत कोण झोपत असे व बाहेर कोण, हे तो सांगत नाही. आपणही विचारत नाही. वास्तविक आपण तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचे सारे आयुष्य ‘गावकुसाबाहेर’ या एका शब्दात मावत होते, त्यांनी जगातला कोणताही तट जरा निराळ्या नजरेने पाहावा.

असा निराळ्या नजरेने पाहण्याजोगा एक तट भूमध्य समुद्रातील ऱ्होड्स या बेटावर आहे. हे बेट आज ग्रीस देशात आहे, पण तुर्कस्तानचा किनारा तिथून वीसेक किलोमीटरच्या आतच. बेटाच्या उत्तर टोकाला ऱ्होड्स याच नावाचे शहर आहे आणि त्या शहराच्या पोटात सुमारे चार किलोमीटर लांबीच्या दगडी तटाने वेढलेले जुने गाव आहे. मध्ययुगातील गल्ल्या, घरे, दरवाजे, इस्पितळ, मशिदी, चर्च असे सगळे तिथे शाबूत आहे. १९८८ साली युनेस्कोने या जुन्या गावाचा जागतिक वारशात समावेश केला. विशेष म्हणजे हे ओसाड अवशेष नव्हेत. तटाच्या आत आजही माणसे राहतात, दोरीवर कपडे वाळतात आणि मुले गल्लीत चेंडू खेळतात.

सूर्याचा पुतळा आणि अशोकाचा काळ

या शहराची स्थापना इसवी सनापूर्वी ४०८ मध्ये झाली. बेटावरील तीन जुन्या नगरांनी एकत्र येऊन हे नवे शहर वसवले. जगातील सात प्राचीन आश्चर्यांपैकी एक, सूर्यदेवाचा काशाचा प्रचंड पुतळा, इथेच उभा होता. शत्रूने शहराला घातलेला वेढा फसला, तो आपली युद्धयंत्रे मागे टाकून गेला, आणि ती विकून आलेल्या पैशातून हा पुतळा उभारला गेला अशी माहिती प्राचीन लेखकांनी दिली आहे. त्याची उंची तीस मीटरांहून अधिक होती. इसवी सनापूर्वी २८० च्या सुमारास तो पूर्ण झाला आणि इसवी सनापूर्वी २२६ च्या सुमारास भूकंपात गुडघ्यातून मोडून पडला. बंदराच्या दोन बाजूंना पाय ठेवून उभा असलेला पुतळा चित्रांत दाखवतात, ती मात्र नंतरच्या लोकांची कल्पना आहे.

हे सन आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. तो पुतळा उभा होता, नेमक्या त्याच काळात इकडे पाटलीपुत्रात सम्राट अशोक राज्य करीत होता. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच यवन राजांची नावे आहेत. सीरिया, इजिप्त, मॅसिडोनिया वगैरे ठिकाणचे हे राजे होत. ऱ्होड्स त्यांच्या अगदी मधोमध. आपला धम्मविजय तिथवर पोहोचला, असे अशोक त्या लेखात सांगतो. दुसऱ्या शिलालेखात तो म्हणतो की माणसांसाठी आणि पशूंसाठी औषधोपचाराची सोय आपण आपल्या राज्यात आणि सीमेपलीकडच्या यवन राजांच्या मुलखातही केली. ज्यांनी कार्ले येथील लेण्यात स्तंभांवर कोरलेली यवन दात्यांची नावे पाहिली असतील, त्यांना हे यवन परके वाटणार नाहीत. तलवारीखेरीजही माणसे एकमेकांच्या देशात पोहोचत होती, याची ही साक्ष आहे.

दगडी तट, कोरडा खंदक

आज आपण पाहतो तो तट मात्र तलवारीचाच. जेरुसलेममध्ये आजारी यात्रेकरूंची शुश्रूषा करण्यासाठी संत जॉनच्या नावाने ख्रिस्ती साधूंचा एक पंथ निघाला. १११३ साली पोपने त्याला मान्यता दिली. पुढे धर्मयुद्धांच्या धामधुमीत हे सेवक शस्त्रधारी सरदार बनले. पॅलेस्टाइनमधून त्यांना १२९१ मध्ये निघावे लागले. सायप्रस बेटावर काही वर्षे काढून १३०९ च्या सुमारास त्यांनी ऱ्होड्स ताब्यात घेतले आणि दोनशेहून अधिक वर्षे तिथे राज्य केले.

तटाला वेढून रुंद खंदक आहे. तो कोरडा आहे आणि त्यातून आपल्याला चालत जाता येते. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मध्ये गवत आणि जागोजागी पडलेले दगडी तोफगोळे! खंदकातून वर पाहिले म्हणजे तट कशासाठी असतो ते कोणी शिकवावे लागत नाही. आतल्या माणसाला अभय आणि बाहेरच्या माणसाला धाक, हेच त्याचे काम.

हे बांधकाम कोणी केले? पंथाकडे गुलाम होते. लढाईत आणि समुद्रावर पकडलेली माणसे बांधकामावर राबवली जात, हे इतिहासकारांनी नोंदवून ठेवले आहे. तटावर सरदारांची आणि पंथप्रमुखांची राजचिन्हे संगमरवरात कोरलेली दिसतात. ज्यांनी दगड उचलले त्यांचे एकही नाव कुठे नाही.

जन्माने सरदार

गावात शिरल्यावर दिसते की तटाच्या आतही आणखी एक भिंत होती. उत्तरेकडच्या लहान भागात सरदार राहत. त्याला कोलाकियम म्हणत. दक्षिणेकडच्या मोठ्या भागात, म्हणजे बुर्गोमध्ये, ग्रीक, ज्यू आणि युरोपातून आलेले व्यापारी व कारागीर यांची वस्ती होती. म्हणजे राज्यकर्ते एकीकडे आणि रयत दुसरीकडे.

सरदारांच्या भागात एक सरळ, चढती, गोट्यांनी फरसबंद केलेली गल्ली आहे. तिला ‘सरदारांची गल्ली’ म्हणतात. दोन्ही बाजूंना दगडी वाडे आहेत. पंथातील माणसे भाषा व प्रदेश यांनुसार गटांत विभागलेली होती आणि त्या गटांना ‘जिव्हा’ असे नाव होते. शेवटी अशा आठ जिव्हा झाल्या. त्यांत फ्रान्स, इटली, इंग्लंड, जर्मनी वगैरे होते. गल्लीतील बरेच वाडे या जिव्हांच्या धर्मशाळा होत. तटाची राखणही याच हिशेबाने वाटून दिलेली होती.

परंतु ‘जिव्हां’पेक्षा मोठी वाटणी निराळीच होती. पंथात तीन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर लढवय्ये सरदार, मग पुरोहित आणि खाली सेवेकरी बंधू. सरदार व्हायचे तर आपण उच्च कुळात जन्मलो हे सिद्ध करावे लागे. शौर्य आणि भक्ती असून भागत नसे, वंशावळ दाखवावी लागे. एकाच देवाची लेकरे म्हणवणाऱ्यांत, एकाच व्रताने बांधलेल्यांत, जन्माचा दाखला मागितला जात होता! आपल्या वाचकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

गल्लीच्या वरच्या टोकाला पंथप्रमुखाचा राजवाडा आहे. १८५६ साली शेजारच्या चर्चखाली साठवलेल्या दारूगोळ्याचा वीज पडून स्फोट झाला, शेकडो माणसे दगावली आणि हा वाडा उद्ध्वस्त झाला. आजची इमारत मुसोलिनीच्या काळात, १९३७ ते १९४० दरम्यान, इटालियन राज्यकर्त्यांनी नव्याने बांधली आहे. शेजारच्या कोस बेटावरची प्राचीन रंगीत फरशी उचलून आणून तिथे बसवली. प्रवासी वाडा पाहून थक्क होतात. त्यातले पुष्कळसे जुने नसून विसाव्या शतकातील हुकूमशाहीचा थाट आहे, हे ठाऊक असलेले बरे.

रुग्ण हेच आमचे धनी

गल्लीच्या खालच्या टोकाला जे आहे ते मात्र मन भरून पाहावे. ते म्हणजे पंथाचे इस्पितळ. १४४० मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले आणि १४८९ मध्ये पूर्ण झाले. मधल्या चौकाभोवती कमानींच्या दोनमजली ओवऱ्या आहेत. वरच्या मजल्यावर रुग्णांचे भव्य दालन, सुमारे पन्नास मीटर लांब. भिंतीत लहान लहान खोलगट कोनाड्यासारख्या खोल्या आहेत. आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे.

या पंथाच्या परंपरेत रुग्णाला ‘धनी’ म्हणत. त्याची सेवा सेवकाने मालकाची करावी तशी करायची, असा दंडक होता. हा विचार थोर होता यात शंका नाही. चांगले ते चांगले म्हणायला आपण कचरता कामा नये. पण याच पंथाच्या गलबतांवर गुलाम वल्ही मारीत होते. आजारी माणसाला धनी म्हणायचे आणि धडधाकट माणसाला साखळीने बांधायचे, या दोन गोष्टी एकाच तटाच्या आत नांदत होत्या. करुणा काही जणांसाठी राखून ठेवली की ती करुणा राहत नाही. या इस्पितळाच्या सुमारे सतराशे वर्षे आधी अशोकाने औषधोपचाराची सोय करताना सीमेपलीकडच्यांनाही त्यातून वगळले नव्हते, याची इथे आठवण होते.

सूर्य मावळला की बाहेर!

१४८० साली तुर्कांनी ऱ्होड्सला वेढा घातला, तो सरदारांनी परतवला. १५२२ साली सुलतान सुलेमान स्वतः आला. सहा महिने वेढा चालला. शेवटी सरदारांनी शरणागती पत्करली आणि १ जानेवारी १५२३ रोजी ते बेट सोडून गेले. पुढे माल्टा बेट हे त्यांचे ठाणे झाले.

सरदार गेले आणि तटाचा अर्थ उलटा झाला. तुर्क आत आले. ज्यूंना आत राहू दिले. आणि पिढ्यान् पिढ्या इथे राहणाऱ्या ग्रीक ख्रिस्ती रहिवाशांना तटाबाहेर काढण्यात आले. त्यांनी दिवसा आत यावे, धंदा करावा, मोलमजुरी करावी. पण सूर्यास्तापूर्वी दरवाजाबाहेर पडावे. रात्री तटाच्या आत राहण्याची त्यांना मनाई होती. मग त्यांनी तटाबाहेर आपल्या वेगळ्या वस्त्या उभारल्या. आजचे नवे शहर त्या वस्त्यांच्या जागेवरच वाढले आहे.

हे ऐकल्यावर कोणाला पेशवाईतील पुणे आठवणार नाही? दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी महार-मांगांनी पुण्याच्या वेशीच्या आत यायचे नाही, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि त्या अंगावर पडून विटाळ होतो! घड्याळ लावून माणसाला हाकलण्याचा हा प्रकार दोन्हीकडे सारखाच.

पण सारखेपणा इथेच संपतो आणि खरा धडा पुढे आहे. ऱ्होड्सचा ग्रीक तटाबाहेर गेला तो लढाई हरल्यामुळे. त्याची सावली कोणाला विटाळत नव्हती. त्याच्या हातची भाकरी आणि त्याचे नाणे बाजारात चालत होते. १९१२ साली इटलीने बेट घेतले आणि तुर्की राज्य संपले. १९४८ साली बेट ग्रीसमध्ये सामील झाले. आज त्याच ग्रीकांची घरे आणि दुकाने तटाच्या आत आहेत. तलवारीने घातलेली मनाई तलवारीबरोबर गेली.

आपल्याकडे मात्र राज्यामागून राज्ये गेली. मोगल गेले, पेशवे गेले, इंग्रज गेले. गावकूस जागचे हलले नाही. त्याला चार किलोमीटरचा दगडी तट लागला नाही, खंदक लागला नाही, तोफ लागली नाही. ते माणसांच्या मनात बांधलेले होते आणि धर्मग्रंथांनी त्याला चुना लावलेला होता. बाबासाहेबांनी या वस्तीला युरोपातील ज्यूंच्या कोंडवाड्याचा, ‘घेट्टो’चा, शब्द लावला. ‘अनटचेबल्स ऑर द चिल्ड्रन ऑफ इंडियाज घेट्टो’ असे मथळ्यातच म्हणणारे त्यांचे लिखाण महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत १९८९ साली प्रसिद्ध झालेले आहे. आणि १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की गावाबाहेर राहणे हे कोणाच्या रक्तात लिहिलेले नसते. पराभूत, विखुरलेल्या माणसांना बाहेर वसवले गेले आणि अस्पृश्यता नंतर चिकटवली गेली. त्यासाठी त्यांनी आयर्लंड आणि वेल्समधील गावाबाहेरच्या माणसांचे दाखले दिले. ऱ्होड्सच्या दरवाजात उभे राहिले म्हणजे तो सिद्धान्त डोळ्यांना दिसतो. आत-बाहेर हा निसर्ग नव्हे, ती सत्तेची करणी आहे. माणसाने केलेले माणसाला मोडता येते.

ज्यूंची आळी

जुन्या गावाच्या पूर्वेकडे एक चौक आहे. मध्ये कारंजे आणि त्यावर काशाचे समुद्रघोडे. भोवती खाणावळी आणि दुकाने. याच चौकात एक काळ्या दगडाचा स्तंभ आहे. चौकाचे नाव ‘ज्यू हुतात्म्यांचा चौक’. पुष्कळ प्रवासी कारंज्याजवळ छायाचित्र काढतात आणि स्तंभ न वाचताच पुढे जातात.

या आळीला तिथले ज्यू ‘ला जुदेरिया’ म्हणत. १४८० च्या वेढ्यात तुर्कांचा सर्वांत मोठा मारा ज्यू आळीच्या बाजूच्या तटावर झाला होता. तरीसुद्धा काही वर्षांनी, १५०२ मध्ये, त्याच वेढ्यातील विजयी पंथप्रमुखाने ज्यूंना हुकूम दिला की ख्रिस्ती व्हा, नाहीतर बेट सोडा. पुढे तुर्की राज्यात, १४९२ साली स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंचे वंशज इथे स्थायिक झाले. त्यांनी आपली जुनी स्पॅनिश बोली, लादिनो, शेकडो वर्षे घरात जपली. ‘काहाल शालोम’ हे १५७७ सालचे त्यांचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. ग्रीसमधील वापरात असलेले ते सर्वांत जुने मानले जाते. अंगणात काळ्या-पांढऱ्या गोट्यांची सुरेख नक्षी आहे. शेजारीच छोटे संग्रहालय आहे. त्यात लग्नाची वस्त्रे, घरगुती वस्तू आणि कुटुंबांची छायाचित्रे आहेत.

१९३८ साली इटलीने वंशभेदाचे कायदे केले. पुष्कळ ज्यू कुटुंबे देशोधडीला लागली. १९४३ मध्ये जर्मन सैन्य आले. जुलै १९४४ मध्ये पुरुषांना ओळखपत्रे घेऊन हजर होण्याचा हुकूम निघाला. मग बायका-मुलांना बोलावले. २३ जुलै रोजी सर्वांना चालवत बंदरावर नेले आणि मालवाहू नौकांत कोंबले. तिथून अथेन्सजवळचे बंदर, मग रेल्वेच्या डब्यातून पोलंडमधील आउश्विट्झची छळछावणी. १६ ऑगस्टला ते तिथे पोहोचले. ऱ्होड्सहून नेलेल्या सोळाशेहून अधिक माणसांपैकी जेमतेम दीडशे वाचली. चारशे वर्षांहून जुनी आळी आठवडाभरात रिकामी झाली.

इथे तटाची गरज लागली नाही. याद्या पुरल्या. नाव, धर्म, पत्ता लिहिलेला एक कागद माणसाला मारू शकतो.

एका अधिकाऱ्याची लेखणी

पण कागद माणसाला वाचवूही शकतो. त्या वेळी ऱ्होड्सवर तुर्कस्तानचे वाणिज्यदूत म्हणून सेलाहत्तिन उल्कुमेन हे तरुण गृहस्थ होते. ते मुसलमान होते आणि त्यांचा देश तेव्हा युद्धात तटस्थ होता. अटकेतील काही ज्यू तुर्की नागरिक होते. उल्कुमेन जर्मन सेनापतीकडे गेले आणि त्यांना सोडा म्हणाले. एवढेच करून ते थांबले नाहीत. तुर्की नागरिकाचा नवरा किंवा बायको आमच्या कायद्याने तुर्कीच ठरते, असे त्यांनी ठासून सांगितले. असा कायदा मुळात नव्हताच! माणसे वाचवण्यासाठी त्यांनी तो तिथल्या तिथे रचला. सुमारे पन्नास माणसे त्यामुळे मृत्यूच्या दाढेतून परत आली. १९८९ साली इस्रायलच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने त्यांचा गौरव केला.

आपल्या समाजात आज कारकून आहेत, तलाठी आहेत, शिक्षक, पोलीस आणि मोठे अधिकारीही आहेत. बाबासाहेबांनी मोक्याच्या जागा काबीज करा असे सांगितले ते कशासाठी, याचे उत्तर या एका माणसाच्या कृतीत आहे. खुर्चीवर बसणे हे ध्येय नव्हे. दारात आलेल्या असहाय माणसासाठी त्या खुर्चीवरून एक कागद वेळेवर हलला, तर खुर्ची सार्थकी लागली.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

आपली मुले-मुली आता शिक्षण-नोकरीनिमित्त युरोपात जातात, आई-वडिलांनाही बोलावतात. त्यांच्यापैकी कोणाला योग आला तर अथेन्सहून विमानाने किंवा बोटीने ऱ्होड्सला जाता येते. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, कडक ऊन आणि तुफान गर्दी असते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. गल्ल्या गोट्यांच्या असल्यामुळे जाड तळव्याचे बूट घालावेत. ज्येष्ठांनी काठी जवळ ठेवावी. अरुंद गल्ल्यांवर समोरासमोरच्या घरांना जोडणाऱ्या दगडी कमानी दिसतील. भूकंपात घरांनी एकमेकांना आधार द्यावा म्हणून त्या बांधल्या आहेत. खायला तिथे ‘पितारूदिया’ मिळतात. हरभरा, कांदा आणि पुदिना घालून तळलेले हे वडे आपल्या भजीच्या नात्यातले आहेत. शाकाहारी मंडळींची उत्तम सोय होते.

मुलांना बरोबर नेल्यास आधी खंदकातून चालवावे, मग सरदारांची गल्ली, मग इस्पितळ, मग सुलेमानच्या नावाची मशीद आणि बाजारपेठ, आणि शेवटी ज्यू हुतात्म्यांचा चौक. या क्रमाने गेले की कोण आत होते आणि कोण बाहेर, हा सगळा इतिहास पायांखालून जातो.

आणि ज्यांना ऱ्होड्सला जाता येणार नाही त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. शनिवारवाडा जवळ आहे, दौलताबाद जवळ आहे, आपापल्या गावाची पडकी वेस तर दारातच आहे. पुढच्या सुट्टीत मुलांना तिथे घेऊन जा. राजाचे नाव सांगा, जरूर सांगा. मग त्यांना विचारा, संध्याकाळी हा दरवाजा बंद झाला तेव्हा आपली माणसे कोणत्या बाजूला होती? भूकंपासाठी घराघरांत कमानी बांधणाऱ्या माणसाला माणसामाणसांत भिंती बांधण्याची गरज का पडली? मुले विचार करू लागली, की मनातल्या तटाचा पहिला दगड निखळला असे समजावे. बाकीचे काम १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्याला दिलेल्या वाटेने पुढे न्यायचे आहे.

जय भीम!